‘८१ टक्के रुग्णांना गुण!’ पण दुसरा आकडा कुठे आहे?



समजा उद्या जळगावच्या एखाद्या चौकात मोठा फलक लागला : ‘मुतखड्यावर खात्रीचं औषध! १०० पैकी ८१ रुग्णांना ऑपरेशनची गरज पडली नाही!’ तुम्ही काय कराल? घरात कोणाला मुतखडा असेल तर फलकावरचा नंबर मोबाईलमध्ये टिपून घ्याल. आणि आपल्या खान्देशात मुतखडा असलेलं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, दिवसभर शेतात नाहीतर उन्हातल्या रस्त्यावर काम, घाम भरपूर आणि पाणी कमी. अशा मुलखात खडे होणारच.

आता हा ८१ चा आकडा बघा. तो मी मनाने घेतलेला नाही. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत मूत्रनलिकेत खडा अडकलेल्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१५ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. टॅमसुलोसिन नावाची गोळी खडा लवकर पडावा म्हणून जगभरचे डॉक्टर लिहून देत होते, आपल्याकडेही देतात. ही गोळी घेतलेल्या ३७८ रुग्णांपैकी ३०७ जणांना पुढच्या चार आठवड्यांत खडा काढण्यासाठी आणखी कोणताही उपचार करावा लागला नाही. ३०७ भागिले ३७८, म्हणजे ८१ टक्के. फलकावर लिहिलं तर एक अक्षरही खोटं नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गट होता. त्या रुग्णांना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली गोळी दिली होती. कोणती गोळी खरी आणि कोणती डमी हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. या डमी गोळीच्या गटात ३७९ पैकी ३०३ जणांना पुढचा उपचार लागला नाही. म्हणजे ८० टक्के.

एका बाजूला ८१, दुसऱ्या बाजूला ८०. ८१ हा आकडा एकटा उभा होता तेव्हा केवढा मोठा वाटत होता! शेजारी ८० येऊन बसला आणि त्यातली हवाच गेली.

आजचा लेख एवढ्याच गोष्टीबद्दल आहे. कोणत्याही उपचाराची एकटी टक्केवारी हा पुरावा नसतो. ‘औषध न घेतलेल्यांपैकी किती जण बरे झाले?’ हा दुसरा आकडा जो देत नाही, त्याच्या पहिल्या आकड्यावर तुम्ही एक रुपयाही खर्च करू नका. मग तो हातगाडीवर जडीबुटी विकणारा असो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवणारा असो, की पांढरा कोट घातलेला माझा व्यवसायबंधू असो.

‘गुण आला’ म्हणजे नक्की काय झालं?

आपल्याकडे औषधाची परीक्षा एकाच शब्दात होते : गुण आला की नाही. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याच्या पुडीने लगेच गुण पडला. हा शब्द खोटा नाही. माणूस खरोखरच बरा झालेला असतो. प्रश्न एवढाच आहे की तो पुडीमुळे बरा झाला की पुडी घेतलेली असताना बरा झाला.

शरीर बऱ्याचशा आजारांतून स्वतःच बाहेर येतं. मूत्रनलिकेतला ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा असेल तर साधारण तिघांपैकी दोघांचा खडा आपोआप पडतो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ प्रकारची कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत स्वतःहून उतरते. मग गळ्यात माळ घाला, नाकात रस टाका, नाहीतर चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवा. कावीळ उतरायची तेव्हा उतरणारच असते, आणि श्रेय माळेला मिळतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. माणूस औषधाच्या शोधात कधी निघतो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. टोकाला गेलेलं दुखणं बहुतेक वेळा थोडं खाली येतंच. त्याच वेळी जो कोणी समोर असतो, तो देवमाणूस ठरतो.

आणि ज्यांना गुण आला नाही, ते कुठे जातात? ते त्या दारात परत येत नाहीत. ते जिल्हा रुग्णालयात, धुळ्याच्या नाहीतर जळगावच्या मेडिकल कॉलेजात, किंवा नाशिक-मुंबईला जातात. काही कुठेच जात नाहीत. त्यामुळे औषध देणाऱ्याला आयुष्यभर फक्त बरे झालेलेच लोक भेटतात. तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला स्वतःलाही खरंच वाटत असतं की आपलं औषध शंभर टक्के लागू पडतं. म्हणूनच त्याच्या प्रामाणिकपणावर जाऊ नका, दुसरा आकडा मागा.

महाडचे ३५ आणि ३५

दुसरा आकडा शोधायचा तर तो कसा शोधतात? यासाठी आपल्याच महाराष्ट्रातलं एक चांगलं उदाहरण आहे, आणि विषयही आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे : विंचू.

विंचवाच्या बहुतेक दंशांत फक्त वेदना होतात. आग होते, मुंग्या येतात, माणूस रात्रभर तळमळतो आणि एक-दोन दिवसांत बरा होतो. काही थोड्या दंशांत मात्र, विशेषतः लाल विंचवाच्या आणि विशेषतः लहान मुलांत, विष वेगळंच काम करतं. दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ, हातपाय गार पडणं, रक्तदाब आधी चढणं आणि नंतर कोसळणं, शेवटी फुफ्फुसांत पाणी. हे रुग्ण दगावतात.

आता विंचू उतरवणाऱ्याचा हिशेब बघा. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण नुसत्या वेदनावाले. ते मंत्र न म्हणताही बरे झाले असते. म्हणजे त्याची टक्केवारी नव्वदीच्या पुढे जाणं अगदी सोपं आहे. आणि त्या टक्केवारीच्या विश्वासावर एखाद्या रात्री सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातून जेव्हा खरोखरच विष भिनलेलं मूल त्याच्या ओट्यावर आणलं जातं, तेव्हा ते मूल हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला जातं. या एकट्या आकड्याची किंमत कोण मोजतं, तर ते मूल.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकरी कुटुंबातले. रायगड जिल्ह्यात महाडला त्यांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं, १९८२ साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी विंचवाच्या विषाच्या या वादळाला आवर घालते हे त्यांनी दाखवलं. पूर्वी गंभीर दंशांत ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण प्राझोसिन आल्यानंतर एक टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे प्रश्न आला प्रतिविषाचा. प्राझोसिन तर द्यायचीच, पण तिच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो का? इथे बावस्करांना सहज म्हणता आलं असतं, ‘मी दिलं, गुण आला.’ त्यांनी तसं केलं नाही. गंभीर लक्षणं असलेले ७० रुग्ण घेतले. त्यांचे ३५-३५ चे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठी टाकून ठरवावं तसं नशिबावर सोडलं. एका गटाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला फक्त प्राझोसिन. मग १० तासांनी मोजलं : पूर्ण बरे किती?

प्राझोसिन अधिक प्रतिविष : ३५ पैकी ३२. म्हणजे ९१ टक्के.

फक्त प्राझोसिन : ३५ पैकी ८. म्हणजे २३ टक्के.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा ३२ नाही, ८ आहे. त्या ८ मुळे ३२ ला अर्थ आला. ३५ पैकी ३२ च्या शेजारी ३५ पैकी ३१ असते तर प्रतिविषाचा खर्च वाया गेला असं म्हणावं लागलं असतं.

फरक दिसला, पण तो खरा आहे का?

इथे एक पायरी आहे. ती चढायला थोडं गणित लागेल. घाबरू नका, शाळेतल्या टक्केवारीपेक्षा अवघड नाही.

तुम्ही आणि तुमचा शेजारी, दोघांनी १०-१० वेळा नाणं उडवा. दोघांचं नाणं चांगलं आहे, कोणाच्याही हातात जादू नाही. तरी तुमच्या आणि त्याच्या छाप्यांच्या संख्येत दोन किंवा त्याहून जास्त फरक पडणं साधारण निम्म्या वेळा घडेल. तुमचे ६, त्याचे ४. तुमचे ७, त्याचे ५. यावरून ‘माझ्या हाताला गुण आहे’ असं तुम्ही म्हणाल का?

मग ‘आमच्या औषधाने १० पैकी ७ बरे झाले, दुसऱ्या औषधाने ५’ हे ऐकून तुम्ही का हुरळून जाता? हा तोच नाण्याचा खेळ आहे. पण दोघांनी १००-१०० वेळा नाणं उडवलं आणि एकाचे छापे दुसऱ्यापेक्षा २० ने जास्त आले, तर मात्र नाणं तपासायला हवं, कारण नुसत्या नशिबाने एवढा फरक शंभर खेपांत एकदाही पडणं कठीण. टक्केवारीचा फरक दोन्ही ठिकाणी २० चाच आहे. वजन मात्र वेगळं आहे, कारण माणसं किती मोजली हे वेगळं आहे.

दोन प्रमाणांची तुलना करताना संख्याशास्त्र नेमकं हेच करतं. ते आधी एक गृहीत धरतं : ‘औषधाचा काहीच उपयोग नाही.’ मग विचारतं, तसं असेल तर दोन गटांत नुसत्या नशिबाने किती चढउतार दिसावा? आणि प्रत्यक्ष फरक त्या चढउताराच्या किती पट आहे? दुपटीच्या आसपास किंवा पुढे गेला तर तो नशिबाचा खेळ नसावा असं मानतात आणि त्याला ‘लक्षणीय’ म्हणतात.

महाडचा हिशेब करू. दोन्ही गट मिळून ७० पैकी ४० बरे झाले. प्रतिविष निरुपयोगी असतं तर हे ४० जण दोन्ही गटांत साधारण वीस-वीस असे वाटले गेले असते, थोडं इकडेतिकडे. ३५-३५ च्या गटांत हे इकडेतिकडे किती, याचं सूत्र आहे. त्याचं उत्तर येतं सुमारे १२ टक्के. प्रत्यक्ष फरक ६८ टक्क्यांहून जास्त. म्हणजे नशिबाच्या चढउताराच्या जवळजवळ सहापट. एवढा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता लाखात एकही नाही.

आता मुतखड्याच्या गोळीचा. तिथे गट मोठे होते, म्हणून नशिबाचा अपेक्षित चढउतार कमी, सुमारे ३ टक्के. प्रत्यक्ष फरक १.३ टक्के. म्हणजे चढउताराच्या निम्माही नाही. डमी गोळीचे दोन गट केले असते तरी एवढा फरक सहज पडला असता.

फलकावर लावायचं तर एकीकडे ९१ आणि एकीकडे ८१. दोन्ही आकडे तितकेच भारदस्त दिसतात. शेजारचा आकडा आणि माणसांची संख्या समोर ठेवली की एक डोंगर निघतो आणि दुसरा उंबरठा.

इथे एक सावधगिरीही सांगतो. अभ्यासाच्या बातमीत ‘पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘औषध ९५ टक्के खात्रीचं’ असा नाही. अर्थ एवढाच की औषध निरुपयोगी असतं तर एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता. म्हणजेच वीस निकामी औषधं तपासली तर सरासरीने एखादं नुसत्या नशिबावर पास होणार. उरलेल्या एकोणिसांचा निकाल कपाटात ठेवून त्या एकाची जाहिरात केली, तर? म्हणून एकाच लहानशा अभ्यासावर नाचायचं नसतं. टॅमसुलोसिनच्या बाबतीत आधीच्या अनेक लहान अभ्यासांत फायदा दिसला होता. ते एकत्र करून काढलेला निष्कर्षही फायद्याचाच होता. मोठा अभ्यास आला आणि चित्र बदललं.

शेजारी ठेवलेला गट खरंच शेजारचा हवा

दुसरा आकडा मिळाला म्हणून लगेच समाधान मानू नका. तो कोणाचा आहे हेही बघा. एका गटात तरुण आणि दुसऱ्यात म्हातारे, एकात लहान खडे आणि दुसऱ्यात मोठे, अशी जोडी लावली तर हवा तो निकाल काढता येतो. म्हणूनच चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीला कोणाचं वय कळत नाही, कोणाची ओळख कळत नाही, कोण जगेल असं डॉक्टरला वाटतं तेही कळत नाही.

‘पूर्वी एवढे मरत, आता एवढे’ ही तुलनाही कच्ची असते. पूर्वीपेक्षा रस्ते सुधारले, गाड्या आल्या, रुग्ण लवकर पोहोचू लागले. सगळं श्रेय औषधाला कसं देणार? प्राझोसिनबाबतचा ३० वरून १ टक्का हा फरक एवढा प्रचंड आहे, आणि गोळी विषाविरुद्ध कशी काम करते हेही एवढं स्पष्ट आहे, की तिथे शंका घ्यायला फार जागा राहत नाही. पण असे प्रचंड फरक वैद्यकात क्वचितच मिळतात. बाकी सगळीकडे त्याच काळातला, त्याच परिसरातला दुसरा गट लागतोच.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे करून दाखवलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला तयार केलं. आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. सुरुवातीला दोन्हीकडे परिस्थिती सारखीच होती : जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यातच जात. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हा आकडा हजारी २५.५ वर आला. ४७ गावांत तो ५९.६ होता. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची कल्पना पुढे देशाच्या धोरणात गेली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, त्यामागे हा हिशेब आहे.

बंग दांपत्याने फक्त ‘साठचे पंचवीस केले’ एवढंच सांगितलं असतं तर कोणीही म्हणालं असतं, ‘काळानुसार सुधारणा होतेच हो.’ त्या ४७ गावांनी उत्तर दिलं : काळानुसार काहीही सुधारलं नव्हतं.

‘धोका निम्म्याने कमी!’

टक्केवारीची आणखी एक चलाखी ओळखून ठेवा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या आजाराने वर्षभरात हजारात दोघे दगावतात, आणि एक महागडी गोळी घेतल्यावर हजारात एक. कंपनी म्हणेल, ‘धोका ५० टक्क्यांनी कमी!’ खरं आहे. पण हजार जणांनी वर्षभर गोळी घेतली तेव्हा एकाला फायदा झाला, हेही तितकंच खरं. गडचिरोलीतही प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं, पण तिथे हजारामागे ३४ बाळं वाचली. ‘टक्क्यांनी कमी’ ऐकलं की लगेच विचारा : कितीवरून किती? शंभरात किती माणसं?

‘पण डॉक्टर, आमच्या मामांना तर...’

मला ठाऊक आहे, इथपर्यंत वाचून काही जणांच्या मनात प्रश्न तयार आहेत.

‘आमच्या मामांचा खडा त्या काढ्यानेच पडला, ते काय खोटं बोलतात?’ नाही. खडा पडला हे खरं. पण काढा न घेता तो पडला नसता हे मामांना कसं कळलं? मामा एकच आहेत. काढा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन मामा असते तर गोष्ट वेगळी. म्हणूनच अभ्यासात शेकडो माणसं घ्यावी लागतात.

‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी, आकड्यांत माणूस बसत नाही.’ प्रकृती वेगळी असते म्हणूनच तर एका माणसाच्या अनुभवावरून दुसऱ्याला औषध देणं धोक्याचं. आणि हेच वाक्य बोलणारा विक्रेता तीच पुडी सगळ्यांना देतो, हेही बघा.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?’ नुकसान वेळेचं होतं. खडा मूत्रनलिकेत पूर्ण अडकून राहिला तर दुखणं कदाचित कमी होतं, आणि इकडे मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जातं. कावीळ जर पित्तनलिकेतल्या खड्याची किंवा गाठीची असेल तर माळेचे ते आठवडे फार महाग पडतात.

‘तुम्ही ॲलोपॅथीवाले दुसऱ्या पॅथींवर टीकाच करणार.’ या लेखात सर्वांत आधी मोडीत निघालेली गोळी कोणत्या पॅथीची होती ते पुन्हा बघा. दोन गटांच्या परीक्षेला पॅथी नसते. कुळथाचं पाणी, पानफुटीचा रस, होमिओपॅथीचे थेंब, मल्टिनॅशनल कंपनीची गोळी, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. पास झाला त्याला डोक्यावर घेऊ. पण परीक्षेलाच न बसता ‘मी पहिला आलो’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? आणि आम्हा डॉक्टरांनीही औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दाखवलेल्या रंगीत तक्त्यावर विसंबून ‘रिझल्ट चांगला आहे’ म्हणणं बंद केलं पाहिजे. त्या तक्त्यातही अनेकदा एकच खांब उंच काढलेला असतो.

‘आम्हा साध्या माणसांना हे कसं जमणार?’ अहो, तुम्ही हे रोज करता! रावेर-यावलचा शेतकरी नवं खत आलं म्हणून सगळ्या केळीच्या बागेला एकदम घालत नाही. चार ओळींना घालतो, शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या ठेवतो. माती तीच, पाणी तेच, लागवडीची तारीख तीच. घड उतरले की दोन्हीकडचं वजन बघतो. ‘या दुकानदाराच्या खताने माझ्या मेव्हण्याची बाग चांगली आली’ एवढ्यावर तो लाखाचा खर्च करत नाही. केळीला जे शहाणपण लावता, ते स्वतःच्या पोराला आणि स्वतःच्या मूत्रपिंडाला का लावत नाही?

कायदा तुमच्या बाजूने आहे

१९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यानुसार मूत्रपिंडाचे खडे, मधुमेह अशा यादीतल्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करायलाच बंदी आहे. आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. तरीही फलक लागतात आणि ओट्यावर गर्दी होते, कारण गिऱ्हाईक पहिला आकडा ऐकून थांबतं.

यापुढे हे चार प्रश्न विचारा

१. औषध न घेतलेल्यांपैकी किती जण बरे झाले?

२. दोन्ही गटांत माणसं किती होती? दहा-दहा, की शेकड्यांनी?

३. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे कोणी ठरवलं? देणाऱ्याने की चिठ्ठीने?

४. ‘बरे झाले’ म्हणजे नक्की काय मोजलं? जीव वाचला, खडा पडला, की फक्त बरं वाटलं?

हे प्रश्न डॉक्टरलाही विचारा. ‘डॉक्टर, ही गोळी नाही घेतली तर काय होईल?’ असं विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही. त्याला आकडा माहीत असेल तर सांगेल, नसेल तर बघून सांगतो म्हणेल.

शेवटी काही गोष्टी स्पष्ट सांगतो, म्हणजे हा लेख वाचून कोणी चुकीच्या दिशेला जायला नको. टॅमसुलोसिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ५ मिलिमीटरपेक्षा मोठा खडा मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला असेल तर तिचा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे, आणि तुमचा खडा कोणता हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे. मुतखड्याच्या दुखण्यासोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, किंवा एकच मूत्रपिंड असताना दुखू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कावीळ झाली तर आधी रक्त आणि गरज पडल्यास सोनोग्राफी, म्हणजे कोणती कावीळ ते कळेल.

आणि विंचू चावल्यावर घाम, उलटी, लाळ, गार हातपाय किंवा धाप यांतलं काहीही दिसलं, किंवा चावलेलं लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही न बघता, थेट जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १०८ ला फोन करा. वाटेत कुणाच्या ओट्यावर थांबू नका.